करंगळी चालेल का?

भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या एका वस्तीत मी चौदा वर्षं बालवाडी चालवते. हे प्रकरण तिथल्याच एका मुलाचं, तीन वर्षांपूर्वीचं. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत आणि मुलाला इथे चिनू म्हटलंय. लिहू का, असं त्याच्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिहा की. फक्त शाळेचं नाव नको बाई, पोरगा अजून तिथेच आहे.”

चूक कोणाची हे शोधायला गेलात तर पहिला नंबर माझा लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

आमची बालवाडी भरते ती मंडळाच्या कार्यालयात. खोली दहा बाय बारा. माळ्यावर मखराचं सामान, खाली सतरंजी, सतरंजीवर २२ मुलं. सकाळी नऊ ते बारा. मी आणि मदतनीस मावशी. शौचालय नाही. कोणाला शू लागली की मावशी मागच्या मोरीवर नेते, शी लागली तर घरी पोचवते, घरं हाकेच्या अंतरावर आहेत. मुलं इलॅस्टिकची चड्डी घालून येतात. एरवी हे मी चारचौघांत सांगितलं नसतं, लाज वाटते. पण पुढे जे झालं ते सगळं याच्याशी जोडलेलं आहे.

चिनूचे पप्पा कुरिअरचा टेम्पो चालवतात. आई एका खानावळीत चपात्या लाटते, सकाळी नऊ ते दुपारी तीन. घरी आजी, गुडघ्यांनी अधू. घर अगदी वरच्या टप्प्यावर, खालच्या रस्त्यापासून ११८ पायऱ्या. (चिनूने मला त्या मोजून दाखवल्या होत्या. तिसाच्या पुढचे आकडे त्याचे स्वतःचे असायचे, म्हणून मी मागाहून पुन्हा मोजल्या.) गाव संगमेश्वर तालुक्यात. घरात सगळे गावाकडचीच बोली बोलतात. चिनू एक नंबरचा बडबड्या. सतरंजीवर बसल्या बसल्या आदल्या रात्री शेजाऱ्यांचं काय भांडण झालं ते मला सविस्तर कळायचं.

त्याचा जन्म नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. आपल्याकडे प्रवेशाचं वय ३१ डिसेंबर धरून मोजतात. त्या तारखेपर्यंत चार पूर्ण होणार असतील तर जूनमध्ये ज्युनिअर केजीत घेतात. म्हणजे चिनू शाळेत पाऊल ठेवणार तो साडेतीन वर्षं उलटून जेमतेम महिनाभर झालेला असताना, आणि शेजारी बसणार त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेलं, दहा महिन्यांनी मोठं मूल. चाळिशीतल्या दोन माणसांमध्ये दहा महिने कोणी मोजत नाही. या वयात ते आयुष्याचा पाचवा हिस्सा असतात.

आजीचं म्हणणं होतं, “यंदा राहू दे की घरात. अजून एक पावसाळा बघू दे त्याला.” पप्पांचं म्हणणं, नियमात बसतंय तर वर्ष फुकट कशाला घालवायचं. मला कोणी विचारलं नाही. मला तारीख माहीत होती, हजेरीपटावर लिहिलेलीच आहे. फॉर्म भरून झाल्यावर कळलं, तेव्हा मी म्हणाले, “अरे वा.” निर्णयाची पहिली जागा ही होती आणि मी ती दोन शब्दांत घालवली.

शाळा कुठली, यावर त्यांच्याकडे फार खल झाला नाही. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, आमच्या जवळच मराठीची आहे. एका खासगी मराठी शाळेत छोटा शिशू, मोठा शिशू आहेत. आईला मात्र इंग्रजीच हवी होती. का, ते तिने नीट सांगितलं: खानावळीच्या ऑर्डर आता मोबाईलवर इंग्रजीत येतात, तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान मुलगी ते वाचते म्हणून गल्ल्यावर बसते आणि ही पोळपाटावर. यावर मी तिला मातृभाषेचं महत्त्व सांगायला जाणार नव्हते. स्टेशनच्या बाजूची एक इंग्रजी शाळा ठरली. वर्गात ४६ मुलं, एक टीचर, एक मावशी.

तयारी, म्हणजे मी जिला तयारी समजत होते ती

जानेवारीपासून मी केजीत जाणाऱ्या सात मुलांना वेगळं अर्धा तास बसवायला लागले. ए टू झेड, रंग, आकार, वीसपर्यंत आकडे, ‘व्हॉट इज युवर नेम’. पालकांना हेच हवं होतं आणि मलाही दाखवायला काहीतरी हवं होतं. शाळेने आईवडिलांना मुलासकट भेटायला बोलावलं. केजीच्या दारात अशा भेटी चालतात. चिनूने नाव सांगितलं, लाल चेंडू उचलून दाखवला, आणि मॅडमना मराठीत विचारलं की तुमचा पंखा असा कुरकुर का करतो. मॅडम हसल्या. प्रवेश मिळाला. त्या दिवशी त्याच्या आईने मला पेढे आणून दिले आणि मी ते हक्काने खाल्ले.

बालवाडीचा कोर्स करताना ताराबाई मोडकांवर प्रश्न हमखास यायचा. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शाळा नेली, तिथला दिवस अंघोळ, वेणीफणी, नखं कापणं यापासून सुरू व्हायचा. मी हे सगळं पाठ केलं होतं. पाठच केलं होतं.

एप्रिलमध्ये निरोप समारंभ. हल्ली पालकांना काळा झगा आणि चौकोनी टोपीतला फोटो लागतो, भाड्याने मिळतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला पदवीधर करण्याची ही हौस मला कधीच पटलेली नाही, पण फोटोसाठी मीच रांग लावून दिली. मग मे महिना, सगळे गावाला. परतीची तिकिटं मिळाली ती शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीची. शनिवारपर्यंत चिनू आंब्याच्या झाडाखाली अनवाणी होता आणि सोमवारी बूट-मोज्यांत.

अडचण

पहिला दिवस धो-धो पावसाचा. आईने एका दिवसाची रजा टाकली होती. पहिला आठवडा शाळा फक्त दीड तास. मुलांना सवय व्हावी म्हणून शाळा असं करते, हेतू चांगलाच आहे. पण तीनला सुटणाऱ्या बाईने दहाला सुटणाऱ्या मुलाचं काय करायचं? आजीला पावसात ११८ पायऱ्या उतरणं शक्य नाही. मग पहिल्या दिवशी आई, दुसऱ्या दिवशी शेजारची कॉलेजची मुलगी, तिसऱ्या दिवशी पप्पा टेम्पो रस्त्यात लावून, चौथ्या दिवशी मावसकाका, ज्यांना चिनूने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. सुटताना गेटमध्ये कोणाचा चेहरा दिसणार हे त्या मुलाला चार दिवस माहीत नव्हतं.

सोडतानाही गडबड. गेटवरच्या बायका म्हणाल्या, “मागे वळून बघू नका, नजर चुकवून सटका, पाच मिनिटांत गप्प होतो.” आई सटकली. आणि तो खरंच गप्प झाला.

गप्प झाला तो झालाच. रडणं आठवड्यात थांबलं म्हणून सगळ्यांना वाटलं, रुळला. टीचरनी डायरीत शेरा दिला: शांत मुलगा. आईने तो मला कौतुकाने दाखवला. चिनू आणि शांत! मला तिथेच खटकायला हवं होतं. मी म्हटलं, शाळेने वळण लावलं.

जुलै उजाडला तरी वर्गात एक शब्द नाही, ना इंग्रजीत ना मराठीत. हजेरीला नुसता हात वर. डबा जसाच्या तसा परत. पाण्याची बाटली तर इतकी भरलेली की आईला वाटायचं शाळेत कोणीतरी भरून देतं. घरी आला की दप्तर टाकून थेट मोरीवर. संध्याकाळी पोटात दुखतंय म्हणून आजीच्या मांडीवर. सकाळी बूट दिसले की उलटी. आईने मला रस्त्यात गाठलं आणि म्हणाली, “बाई, तुम्ही याला सगळं शिकवलं होतं ना? मग हा तिथे मुका का?”

कोणते पर्याय होते

एका रविवारी रात्री नऊनंतर त्यांच्याकडे बसलो. त्याआधी त्या घरात तीन मोठी माणसं एकत्र कधी नसतातच.

आईला शिकवणी लावायची होती. तिच्या हिशेबात चिनू बोलत नव्हता कारण त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि जे येत नाही त्याला शिकवणी लावतात. शाळेकडूनही निरोप तोच आला होता, घरी थोडं इंग्रजी बोला. (घरी कोण बोलणार? आजी?) चार तास शाळा आणि वर दीड तास शिकवणी, साडेतीन वर्षांच्या मुलाला. मी नको म्हटलं, पण माझं ‘नको’ तिला स्वस्तातलं वाटलं असावं.

पप्पा म्हणाले, थांबू या. यात तथ्य होतं. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की काही मुलं आधी आठवडेच्या आठवडे नुसती ऐकतात, मग बोलतात. मनोविकारांचे डॉक्टरसुद्धा अशा मौनाचं निदान करताना शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. पण नुसतं ऐकणारं मूल जेवतं, पाणी पितं, खेळतं. हा डबा उघडत नव्हता. आणि पहिला महिना आता संपलाच होता.

तिसरा पर्याय खासगी मराठी शाळेचा. तिथे भाषेचं ओझं कमी झालं असतं. पण जागा भरल्या होत्या, आणि या शाळेत भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. पुन्हा महिन्याभरात दुसरं गेट, दुसऱ्या टीचर.

चौथा माझा. मी म्हटलं, काढून घ्या आणि वर्षभर परत माझ्याकडे पाठवा, तो वयानेच लहान आहे. आजीने लगेच मान डोलावली. मी हे कळकळीने बोलले, आणि आज सांगते, त्यात थोडा माझा अहंकारही होता. माझ्याकडे बोलत होता, तिकडे बोलत नाही, म्हणजे तिकडचंच काहीतरी चुकतंय. खरं तर त्या रात्री आम्ही चौघांनी चार उपाय मांडले आणि मुलाला नेमकं काय होतंय हे एकालाही माहीत नव्हतं. चिनू तिथेच कोपऱ्यात चादर ओढून झोपला होता. त्याला विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ठरलं इतकंच की आधी डॉक्टरला दाखवू, पोटाचं बघू, मग बाकीचं.

उलगडा

पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कडक लागलं. तीन दिवस शी नव्हती. शू करताना जळजळ होते म्हणून लघवी तपासली, संसर्ग निघाला नाही, पण रंग गडद. त्यांनी विचारलं, “शाळेत किती वेळा जातो?” आई गप्प. तिने ते कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, मूल धरून ठेवतंय. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाही, जेवत नाही. शी धरली की ती कडक होते, मग दुखतं, दुखतं म्हणून पुन्हा धरतो.

आईने हे मला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मी गिरणीवर दळण घ्यायला गेले. शाळेतल्या मावशी आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या खाली राहतात. त्या पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या. मी चिनूचं विचारलं.

“तो बारका होय? तो येतच नाही हो. रांगेत उभा राहतो, दारापर्यंत येतो नि मागं फिरतो. मला वाटायचं, लागलीच नसेल.”

महिनाभर त्या हे बघत होत्या. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. मोरी, चड्डी, मावशी, हे सगळं मला माहीत होतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिनू माझ्याकडे आला, शाळा सुटल्यावर. कणकेचा गोळा हातात दिला. मी काही विचारत नाही असं दाखवत म्हटलं, “तुमच्या शाळेत शू कुठे करतात रे?” तो कणिक दाबत राहिला. मग म्हणाला, “तिथे खुर्ची आहे. खुर्चीतलं पाणी ओरडतं.” थोड्या वेळाने: “आणि टीचरला आधी ते म्हणायला लागतं. ते मला येत नाही.” ‘ते’ म्हणजे ‘मे आय गो टू टॉयलेट, प्लीज’. सव्वीस अक्षरं मी त्याला शिकवली होती, रंग शिकवले होते, आणि ज्या एका वाक्यावाचून त्याचे चार तास जात नव्हते ते वाक्य नाही. त्याने गणवेशाची पँट दाखवली. वर हूक, आत बटण, खाली चेन, त्यावर पट्टा. पट्टा तर मलाच दोन्ही हातांनी काढावा लागला.

कमोड या मुलाने जन्मात पाहिला नव्हता. त्यातलं पाणी एकदम धो-धो कोसळतं, आणि शाळेत ओळीने चार, म्हणजे तो आत जाईपर्यंत शेजारचं कोणीतरी बटण दाबणारच.

काय केलं

माझा ‘काढून घ्या’ हा सल्ला मी मागे घेतला. आजी नाराज झाली.

टीचरशी बोलायचं होतं. आईचा पाय उचलत नव्हता, शाळेत आपलं बोलणं गावंढळ वाटेल म्हणून. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मग मी एक पानभर मराठीत लिहून दिलं. तक्रार एकही नाही, नुसती माहिती: आमच्याकडे मोरी होती, कमोड त्याने पाहिलेला नाही, ‘शू’ आणि ‘शी’ हेच शब्द त्याला येतात, घाबरला की उजव्या कानाची पाळी धरतो, जवळ घेतलेलं आवडत नाही पण शेजारी बसलं की शांत होतो. पप्पांनी अर्ध्या दिवसाची खोटी केली. दोघं सुटण्याच्या वेळी टीचरना भेटले, उभ्याउभ्याच. आईने पान दिलं आणि तिला एकच विचारायचं सुचलं: “टीचर, करंगळी चालेल का?”

टीचर म्हणाल्या, “अहो, न चालायला काय झालं? सवय व्हावी म्हणून मी वाक्य म्हणून घेते. करंगळी दाखवली तर मी काय नाही म्हणणार?” मग पान वाचून म्हणाल्या, “हे मला जूनमध्ये कोणी दिलं असतं तर.” ४६ मुलांत न रडणारं, जागा न सोडणारं, मारामारी न करणारं मूल नजरेतून सुटतं. या बाईंवर मी राग धरू शकत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर, सगळी मुलं गेल्यावर, मावशींनी चिनूला आणि आईला आत नेलं. पहिल्या शनिवारी त्याने नुसतं दारातून पाहिलं. मावशींनी बटण दाबलं, त्याने कान धरले. त्याच दिवशी तिसऱ्यांदा त्याने स्वतः दाबलं आणि पळाला. दुसऱ्या शनिवारी बसला. आपण दाबलं तरच पाणी ओरडतं, एरवी नाही, हे त्याला समजायला दोन शनिवार लागले आणि मला वाटतं ते फार नाहीत. टीचरच्या परवानगीने दिवाळीपर्यंत गणवेशाच्याच रंगाची इलॅस्टिकची पँट. मधल्या सुट्टीच्या गर्दीत न सोडता मावशी त्याला पाच मिनिटं आधी न्यायच्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी घरी शीला बसवणं, भरपूर पाणी, पपई.

आणायला रोज शेजारची कॉलेजची मुलगीच, तिचं कॉलेज दुपारचं. महिन्याला पाचशे ठरवले. आईने सटकणं बंद केलं. गेटवर “मी चालले, ताई घ्यायला येईल” इतकं सांगून, तो रडला तरी, जायची. पहिले चार दिवस रडणं वाढलं. आई मला म्हणाली, “हे तर उलटंच झालं.” मीही आतून डळमळले होते. पाचव्या दिवशी रडणं कमी झालं.

शिकवणी लावली नाही.

काय झालं

पाचव्या दिवशी डबा अर्धा रिकामा आला. पाण्याची बाटली रिकामी यायला आणखी दोन आठवडे गेले. पोटदुखी थांबली. बोलणं मात्र गणपतीच्या सुट्टीपर्यंत नाही. सुट्टीनंतर एके दिवशी तो उभा राहिला आणि भर वर्गात गावच्या हेलात म्हणाला, “टीचर, ह्यान माझा डबा घेतलान.” टीचरनी हे आईला फोन करून सांगितलं. इंग्रजी आलं ते दिवाळीनंतर, तुकड्यातुकड्यांनी, मुलांकडूनच.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल, पण वयाचा प्रश्न तसाच राहिला होता. पेन्सिल त्याच्या मुठीत असायची, ओळीत अक्षर बसायचं नाही. मार्चमध्ये टीचरनी सुचवलं की हेच वर्ष पुन्हा करू द्या. आजी म्हणाली, मी काय सांगत होते. या वेळी मला विचारलं. मी बराच विचार करून सांगितलं, पुढे जाऊ दे. चार मित्र झालेत, गेट ओळखीचं झालंय, पुन्हा अनोळखी वर्गात बसवलं तर जून परत येईल. सीनियर केजीचं वर्ष त्याला लिहिण्याच्या बाबतीत जड गेलं, रोज वहीवर लाल शेरे. आता तो पहिलीत आहे, वर्गात सर्वांत लहान, बडबडीत सर्वांत पुढे, अक्षर अजून डोंगरासारखं. डिसेंबरमध्येच एक वर्ष थांबले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मार्चमध्ये थांबणं बरोबर ठरलं नसतं. दोन्ही एकच ‘थांबणं’ वाटतं, पण एक दाराच्या बाहेरचं आहे आणि दुसरं दाराच्या आतलं.

आता काय वेगळं करते

डिसेंबरमध्ये जन्मतारखा काढून बसते. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या मुलांच्या घरी फॉर्म भरायच्या आधी जाऊन सांगते की नियमात बसणं वेगळं आणि झेपणं वेगळं. ऐकतात असं नाही. यंदा तिघांपैकी एकाने ऐकलं.

सरकारी पातळीवर पहिलीच्या मुलांसाठी बरंच आहे. राज्यात २०२२पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, आयांचे गट केलेत, केंद्राचा ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला. पण आमच्याकडून केजीत जाणाऱ्या मुलाचा उंबरठा त्या मेळाव्यांत येत नाही. तो आमचा आम्हीच पार करायचा. म्हणून जानेवारी ते एप्रिलच्या त्या अर्ध्या तासात आता अक्षरं नाहीत. बटणं, हूक, पट्टा. घट्ट झाकणाचा डबा उघडणं. रांगेत उभं राहणं. ‘टॉयलेट’ हा एक शब्द आणि करंगळी. पालकांनी कुरकुर केली, एकीने मुलगी काढून दुसरीकडे घातली, जिथे एबीसीडी घेतात. तिचं पटलं नाही तरी कळतं, शाळेच्या भेटीत लाल चेंडूच विचारतात, बटण कोणी विचारत नाही.

पालकांची सभा मार्चमध्ये, रात्री साडेआठला, पप्पांसकट. त्यात मी दोनच गोष्टी रेटते: गावाहून आठ दिवस आधी या, आणि पहिल्या पंधरवड्यात मुलाला आणणारं माणूस एकच ठेवा, मग ते कोणीही असो. मुलामागे एक पान लिहून देते, चिनूच्या पानासारखं. ते शाळेत वाचलं जातं की नाही हे शाळेवर. एका टीचरने फोन करून विचारलं होतं, ‘भूभू’ म्हणजे तुमच्याकडे कुत्रा की बिस्कीट. बिस्कीट.

मागच्या दोन वर्षी एप्रिलमध्ये मुलांना घेऊन त्या शाळेत गेले होते, मावशींमुळे. टॉयलेट दाखवलं, पायऱ्या दाखवल्या. यंदा व्यवस्थापन बदललं, बाहेरच्या मुलांना आत सोडत नाहीत. सुरक्षेचं कारण सांगितलं, ते खोटंही नाही. मग मी आमच्या वस्तीतल्या नव्या सार्वजनिक शौचालयात गेले. तिथे वृद्धांसाठी एक कमोड आहे. नऊ मुलं आणि मी. केअरटेकरने नऊ जणांचे पैसे मागितले, बघायचे का होईना. दिले. प्रत्येकाने एकदा बटण दाबायचं असं ठरलं होतं. पाचव्या मुलापर्यंत टाकीतलं पाणी संपलं. उरलेल्या चौघांना दुसऱ्या दिवशी नेलं, पुन्हा पैसे देऊन.